कंपायलर अडवतो म्हणून एम्बेडेड सोडू का?

प्रश्न : मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मायक्रोकंट्रोलरवर सीमध्ये कोड लिहायला आवडतं. हल्ली रस्ट ही नवी भाषा शिकतोय, पण रजिस्टरला (हार्डवेअर चालवायच्या, ठराविक पत्त्यावरच्या जागेला) हात लावला की ‘अनसेफ’ म्हणजे ‘असुरक्षित’ असं लिहावं लागतं. जुना कोड सी++२० मध्ये कंपाइल केला, तर ‘व्होलाटाइल’वरून (ही किंमत दरवेळी खरोखर वाच-लिही, असं कंपायलरला सांगणाऱ्या शब्दावरून) वॉर्निंगच वॉर्निंग. नव्या भाषांना हार्डवेअर नकोच असेल, तर वेब डेव्हलपमेंटकडे वळू का?

उत्तर : वेब आवडत असेल तर खुशाल वळ, पण कंपायलरवर रुसून नको.

आधी रस्ट. रजिस्टरचा पत्ता पॉइंटरमध्ये (पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घ्यायला त्याची हरकत नसते. त्या पॉइंटरमधून वाचायला-लिहायला गेलास की तो ‘अनसेफ’ मागतो. त्या पत्त्यावर टायमर आहे की काहीच नाही, हे कंपायलरला कळणार कसं? म्हणून ती जबाबदारी तो तुझ्या नावावर लिहून घेतो. मनाई नाही. जाणती मंडळी असा कोड एका पातळ थरात कोंडतात आणि वरचा सगळा ड्रायव्हर, म्हणजे ते हार्डवेअर चालवणारा कोड, सुरक्षित रस्टमध्ये लिहितात. तो थर लिहायला चिप आणि भाषा दोन्ही कळणारा माणूस लागतो. २०२२ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ६.१ आवृत्तीत रस्टला प्रवेश मिळाला, तेव्हापासून तिथेही हेच काम चाललं आहे. कर्नलचा बहुतांश भाग अजून सीमध्येच आहे, तेव्हा ‘सी संपली’ म्हणणाऱ्यांकडे फार लक्ष देऊ नकोस.

आता तुझी वॉर्निंग. पोर्टचा (चिपच्या पिनांच्या गटाचा) एक बिट ‘ऑर-इक्वल’ने (|=) सेट करणारी ओळ दिसते एक, पण बहुतेक प्रोसेसरवर ती तीन कामं करते : रजिस्टर वाचणं, बिट मिसळणं, परत लिहिणं. मधेच इंटरप्ट (चालू काम थांबवून दुसरा कोड चालवणारा हार्डवेअरचा इशारा) आला आणि त्याने त्याच पोर्टचा दुसरा बिट बदलला, तर तुझं शेवटचं लिहिणं तो बदल पुसून टाकतं. ‘व्होलाटाइल’ यातून वाचवत नाही. सी++२० ने अशा ओळींवर ‘कालबाह्य’ असा शिक्का मारला. एम्बेडेडवाल्यांनी ओरड केली, कारण चिप कंपन्यांच्या हेडर फाइल्स अशा ओळींनी भरलेल्या असतात. सी++२३ ने बिटवाइज प्रकारांवरचा शिक्का काढला. ओरड रास्त होती, पण धोका जागच्या जागी आहे. एसटीएम३२ चिपमध्ये बीएसआरआर नावाचं वेगळं रजिस्टर दिलेलं असतं ते यासाठीच : तिथे एकदा लिहिलं की हवा तो बिट बदलतो, आधी वाचावं लागत नाही. मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो. एलईडी लुकलुकवून प्रॅक्टिकलचे मार्क मिळवलेली बरीच मुलं इथेच अडकतात.

एक प्रयोग करून बघ. स्टेटस रजिस्टरचा बिट चढेपर्यंत थांबणारा लूप ‘व्होलाटाइल’शिवाय लिही. ऑप्टिमायझेशन बंद असताना तो चालेल. चालू केलंस की बहुधा कायमचा अडकेल, कारण कंपायलर किंमत एकदाच वाचून घेतो. दोन्ही वेळचं असेम्ब्ली (कंपायलरने बनवलेल्या प्रोसेसरच्या सूचना) शेजारी ठेवून वाच.

सुट्टीत फक्त यूएआरटीचा (सिरियल पोर्टवरून डेटा पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाचा) ड्रायव्हर घे. तयार लायब्ररी न वापरता आधी सीमध्ये, मग रस्टमध्ये लिही. प्रत्येक ‘अनसेफ’वर तो का सुरक्षित आहे याची एक ओळ टाक आणि मुलाखतीला तोच कोड दाखव. हे करताना चिपचं रेफरन्स मॅन्युअल वाचायचाच कंटाळा आला, तर वेबचा विचार जरूर कर, कारण इथे निम्मा वेळ त्यातच जातो.