हसायचं कुणावर?

प्रश्न : दादा, गॅदरिंगसाठी पंधरा मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. बॉर्डरवर लढाई सुरू होते आणि इकडे एका सोसायटीतले लोक नव्या भाडेकरूला शत्रूचा माणूस समजायला लागतात, अशी कॉमेडी. बाबा तोफखान्यातून रिटायर झालेत, ते म्हणाले लढाईत माणसं मरतात, त्याची थट्टा करायची नाही. सोबत दोन सीन पाठवतोय. थांबू का?
- एक वाचक, देवळाली कॅम्प, नाशिक

उत्तर : थांबू नकोस रे, पण बाबांचं बोलणं उडवूनही लावू नकोस. चॅप्लिनने १९४० मध्ये 'द ग्रेट डिक्टेटर'मध्ये हिटलरची टर उडवली, अमेरिका तेव्हा युद्धात उतरलीही नव्हती, आणि पुढे १९६४ च्या आत्मचरित्रात त्यानेच लिहिलं की छळछावण्यांत खरं काय चाललं होतं ते माहीत असतं तर मी हा सिनेमा करूच शकलो नसतो. म्हणजे बाबांना जे टोचतंय ते त्यालाही टोचलं होतं.

आता तू 'नो मॅन्स लँड' बघ, २००१ चा, बोस्नियाच्या युद्धावरचा. आपल्या 'लगान'चं ऑस्कर नेलं तोच, त्या रागात आपल्याकडे बऱ्याच जणांनी तो बघितलाच नाही. दिग्दर्शक डॅनिस तानोविच वेढ्यातल्या साराजेव्होत, म्हणजे बोस्नियाच्या राजधानीत, बोस्नियन सैन्यासाठी कॅमेरा घेऊन फिरलेला माणूस. एका खंदकात एक बोस्नियन, एक समोरच्या बाजूचा सर्ब आणि तिसरा सुरुंगावर झोपलेला, जो हलला की सगळे उडणार. अशात हे दोघं भांडतात कशावरून, तर युद्ध कुणी सुरू केलं! ज्याच्या हातात बंदूक तो दुसऱ्याकडून वदवून घेतो की 'आम्हीच केलं', मग बंदूक हात बदलते आणि उत्तरही बदलतं. आम्ही सात-आठ जणांनी सिडकोत एका मित्राच्या खोलीवर सीडी लावून बघितला होता, तिथं सगळे खो खो हसलो. पुढे कळतं की दोघांच्या ओळखीची एकच मुलगी आहे, शाळेतली. तेव्हाही हसूच येतं पण जरा वेगळं, आणि शेवटी तो सुरुंगावरचा माणूस बघून खोलीत कुणी लाइट लावायलासुद्धा उठेना. शेवट सांगत नाही.

तिथं हसू येतं ते त्या द्वेषाच्या येडेपणाचं, सुरुंगावरच्या माणसाचं एकदाही नाही. तुझ्या सीनमध्ये हीच गडबड झालीय. भाडेकरूच्या बोलण्याच्या ढंगावर तीन जोक आहेत, ते तिन्ही काढ, कारण त्यात प्रेक्षक सोसायटीवाल्यांच्या बाजूने बसून त्याला हसणार. सेक्रेटरी त्याच्या घरच्या डब्याकडे बॉम्ब समजून टॉर्च मारतो, तो सीन मात्र भारी आहे, अजून ताण, आणि डबा उघडल्यावर भाडेकरूचा चेहरा दाखव, तिथं म्युझिक वगैरे काही नको.

बाबांसोबत बसून बघ तो सिनेमा. आणि नंतर त्यांनाच विचार, खंदकात असताना जवान एकमेकांना काय जोक सांगायचे.