दुर्बीण गेटबाहेर काढ

पुणे, सप्टेंबर २०२५

प्रिय मुली,

पत्र वाचलं. सात सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणात चंद्र ऐंशी मिनिटांहून जास्त वेळ तांबडा होता, तू पोस्टर लावून सगळ्यांना दुर्बिणीपाशी बोलावलंस आणि एवढ्या मोठ्या सोसायटीतून गच्चीवर चार माणसं आली, त्यातला एक वॉचमन. ‘लोकांना आकाशाचं काही पडलेलंच नाही, मग मी कशाला मरू?’ असं तू लिहिलंयस. मरू नकोस. पण लोकांना नावं ठेवण्याआधी तुझ्या पोस्टरकडे बघू.

पोस्टरवर वेळ होती रात्री ८:५८. ती छायाकल्प अवस्थेची सुरुवात. तेव्हा चंद्र पृथ्वीच्या विरळ सावलीत शिरतो आणि पहिला निदान अर्धा तास डोळ्यांना काडीचाही फरक कळत नाही. जो भला माणूस नऊला वर आला असेल त्याने नेहमीचा पौर्णिमेचा चंद्र पाहिला आणि तो खाली गेला. खंडग्रास सुरू झालं ९:५७ ला, चंद्र पूर्ण झाकला गेला ११ वाजता, मध्य ११:४१. लोकांना बोलवायची वेळ होती साडेदहा, निम्मा चंद्र गेलेला असताना. पंचांगातली किंवा वेबसाइटवरची पहिली वेळ उचलून पोस्टरवर टाकायची ही खोड आपल्या सगळ्या मंडळांना आहे.

आता दिवस बघ. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. पुण्यातली मिरवणूक रविवारी संध्याकाळपर्यंत चालली होती. निम्मं शहर जागरणाने आंबलेलं, उरलेल्यांना सोमवारी ऑफिस. घरात दुपारपासून वेध. वर पावसाळी ढग. एवढं सगळं असताना चार जण आले, हे मला जास्तच वाटतं.

म्हणून सांगतो, आणि या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे: दुर्बीण माणसांत ने. माणसांनी जिना चढून तुझ्याकडे यावं ही अपेक्षा सोड.

लोक फसलेत, हेही ध्यानात घे. २००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ खरोखरच खूप जवळ आला होता, तरी त्याचं बिंब जेमतेम २५ विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) होतं. चंद्राचं साधारण १८०० विकला. तरीही ‘आज मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा निरोप त्यानंतर कैक ऑगस्टमध्ये फिरला. मग सुपरमून, म्हणजे पृथ्वीच्या जवळ असतानाचा पौर्णिमेचा चंद्र. सर्वांत लहान पौर्णिमेच्या तुलनेत तो फार तर १४ टक्के मोठा, आणि शेजारी तुलनेला दुसरा चंद्र नसताना तो फरक कळणार कुणाला? बातमी ‘विलोभनीय दृश्य’ म्हणते, माणूस खिडकीतून डोकावतो, काहीच वेगळं दिसत नाही. दोन-तीनदा असं झालं की तो डोकावणं सोडतो. मी त्याला दोष देत नाही.

उत्तर मुकुट या तारकासमूहातल्या टी कोरोनी बोरिॲलिस या ताऱ्याचंही तेच. १८६६ आणि १९४६ मध्ये तो भडकला, म्हणून २०२४ पासून ‘आता भडकेल, मग भडकेल’ चाललंय. एरवी तो दहाव्या प्रतीचा, साध्या डोळ्यांना न दिसणारा. भडकला तर ध्रुवताऱ्याइतका होईल आणि थोडेच दिवस नुसत्या डोळ्यांनी दिसेल. पण ज्याने मुकुटाचा तो अर्धगोल आधी पाहिलेलाच नाही, त्याला तिथे एक ठिपका वाढला हे कसं कळावं? तो मुकुट उन्हाळ्यात, स्वाती आणि अभिजितच्या मधे, दाखवून ठेवायचा असतो. कुठे? भाजी मंडईच्या कोपऱ्यावर. तुमच्या गच्चीवर नाही.

तुझ्या ज्या दुर्बिणीला तू ‘डॉब’ म्हणतेस तिचं नाव ज्याच्यावरून पडलं तो जॉन डॉब्सन वेदान्ताच्या मठातला संन्यासी होता. मठातून बाहेर पडावं लागल्यावर १९६८ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोत फुटपाथवर दुर्बिणी लावणाऱ्यांचा गट सुरू केला. पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडची पेटी, जहाजाच्या खिडकीची जाड काच घासून केलेला आरसा. ती रचना मुळात रस्त्यासाठीच आहे, आणि तू ती चौथ्या मजल्यावर चढवतेस! फुटपाथवर दुर्बीण लावणं म्हणजे शास्त्राचा तमाशा असं म्हणणारे जाणकार आपल्यात आहेत. अंधारी जागा, दीर्घिका, तेजोमेघ, हेच खरं म्हणे. त्यांचं चुकत नाही, पण तिथे जाणारा माणूस आधीच आपला असतो. बाकीच्यांचं काय, यावर त्यांच्याकडे उत्तर नसतं, आणि म्हणून मी माझा हेका सोडत नाही.

१० ऑक्टोबरला संकष्टी आहे. चंद्रोदय नऊच्या आसपास. महिन्यातून एकदा हजारो माणसं स्वतःहून चंद्र शोधतात आणि आपण त्या रात्री घरी बसतो, याचा मला खरंच राग येतो. तुमच्या कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळाबाहेर दुर्बीण लाव. विश्वस्तांना आणि शेजारच्या नारळवाल्याला दोन दिवस आधी विचार.

सहा इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आहे ना तुझी? फक्त २५ मिलिमीटरचं आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, ठेव. ४८ पट होतं, अख्खा चंद्र मावतो. १० चं घरी ठेव. त्यात डोळा काचेला जवळजवळ टेकवावा लागतो, नवख्याला नुसता काळोख दिसतो, तो लाजून ‘हो हो, दिसलं’ म्हणतो आणि जातो. ते ‘हो हो’ ओळखायला शीक. ‘काय दिसलं?’ असं विचार. खरं दिसलेला माणूस सांगण्याआधी ओरडतो.

दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेव, आरसा थंड व्हायला. रिक्षातून आणलीस तर आरशांची जुळणी तिथे पोचल्यावर तपास, खड्ड्यांनी ती हमखास हलते. रस्त्यावरच्या दिव्याची चंद्राला पर्वा नाही, तो थेट आयपीसवर पडला नाही म्हणजे झालं. वडापावच्या कढईवरून मात्र बघू नकोस, गरम हवेने बिंब उकळतं.

चंद्र नुकता उगवलेला असताना डॉबची नळी आडवी होते आणि आयपीस कमरेच्या खाली येतं. पोरांची मजा, आज्यांचे हाल. म्हणून पेटी मजबूत टेबलावर चढव आणि शेजारी पाठीची खुर्ची ठेव. बघणाऱ्याने दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचे. नाहीतर प्रत्येक जण आयपीस मुठीत धरतो आणि चंद्र गेला. चंद्र दोन मिनिटांत आपल्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळे दर एक-दोन माणसांनी तू स्वतः बघून घे आणि तो जरा अलीकडच्या कडेला लाव, म्हणजे पुढच्या माणसापर्यंत मध्यावर येईल. चष्मा काढायला सांग, फोकस त्यांना फिरवू दे. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा राहू दे. मोबाइलने फोटो सगळी रांग संपल्यावर.

आणि बोलू नकोस. ती माणसं दिवसभर उपाशी आहेत, घरी मोदक वाट बघतायत. एकच वाक्य: ‘ते पांढरे पट्टे जिथून निघालेत ना, ते विवर पुणे-लोणावळ्याहून रुंद आहे.’ टायको, ८५ किलोमीटर. पुढचं त्यांनी विचारलं तर सांग.

कोजागरीला उलट. पूर्ण चंद्रावर सावल्या नसतात, दुर्बिणीतून नुसता झगझगाट. त्या रात्री शनी दाखव. यंदा मार्चमध्ये त्याची कडी आपल्याकडे नेमकी कडेने वळलेली होती, अजूनही ती बारीकच आहे, सुई टोचलेल्या लिंबासारखा दिसतो तो. ‘कडी कुठायत?’ असं लोक विचारतील. दर पंधराएक वर्षांनी असं होतं, आणि २०३२ पर्यंत ती पुन्हा पुरती उघडतील, हे सांग. दूध आटतंय तोवर वेळच वेळ असतो.

२ ऑगस्ट २०२७ च्या सूर्यग्रहणावर मात्र आशा लावू नकोस. खग्रास पट्टा इजिप्त-सौदीतून जातो, आपल्याकडे किरकोळ खंडग्रास, तेही ऐन पावसाळ्यात. त्याचं पोस्टर मला दाखवूही नकोस.

तुझी खरी रात्र ३१ डिसेंबर २०२८. खग्रास चंद्रग्रहण, रात्री पावणेदहा ते अकराच्या सुमारास, थंडीचं कोरडं आकाश, चंद्र वर चढलेला, आणि अख्खं शहर नववर्षासाठी गच्चीवर. त्या एका रात्री गच्ची चालेल, कारण माणसं तिथे आहेत. डॉब डोक्यावरच्या दिशेला वळवताना अडखळतो, तेव्हा दोन १०×५० च्या द्विनेत्री (बायनॉक्युलर) हाताशी ठेव. तांबडा चंद्र त्यातच जास्त छान दिसतो. सोसायटीच्या कमिटीला नोव्हेंबरातच भेट. डीजे चालू राहू दे, त्यावरून भांडू नकोस. गच्चीवरचे हॅलोजन पावणेदहा ते अकरा बंद राहतील एवढं त्यांच्याकडून लेखी घे.

तुझा,
काका