मोरपिशी की अबोली? आधी भिंतीवर लावून बघा

ताई, तुम्ही लिहिलंय की बेडरूम १० बाय ११, खिडकी एकच आणि तीही पश्चिमेला, मिस्टरांना गडद मोरपिशी हवाय, तुम्हाला अबोली, आणि पेंटर उद्याच शेड नंबर मागतोय. त्याला सांगा चार दिवस थांब, तोवर पुट्टी घासून प्रायमर मारून घे, ते काम तसंही करायचंच आहे.

शेडकार्डवरून ठरवू नका हो. कार्डावर दोन बोटांचा तुकडा असतो, तोच रंग चारही भिंतींना लागला की अंगावर येतो कारण भिंतींचा रंग एकमेकींवर पडतो. त्यात पश्चिमेचं ऊन संध्याकाळी पिवळं-केशरी होतं, म्हणजे तुमची अबोली तेव्हा चक्क नारिंगी दिसणार. शेडकार्डाच्या त्याच पट्टीवर दोन घरं फिकी घ्या.

मोरपिशी मला फार आवडतो पण चारही भिंतींना नको, दिवसासुद्धा दिवा लावावा लागेल. खिडकीच्या भिंतीला तर अजिबातच नको, उजेड तिच्या मागून येतो म्हणून ती आधीच काळपट दिसते. समोरच्या भिंतीला लावा, तिथे थेट उजेड पडतो आणि त्या निळ्यातला हिरवा छान उठतो. आणि ती भिंत कोरडी आहे ना ते आधी बघा! आम्ही बाहेरच्या बाजूच्या भिंतीला असाच गडद रंग लावला होता, पहिल्याच पावसाळ्यात ओल आली, क्षाराचे पांढरे डाग फुटले, फिकट रंगावर ते एवढे दिसले नसते, सकाळी उठल्या उठल्या नजर तिकडेच जायची आणि जीव चुटपुटायचा.

तर दोन्हीचे छोटे डबे आणा, प्रायमरवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा, दोन हात मारून पूर्ण सुकू द्या, कारण इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, ओलं असताना फिकं दिसतं. जुन्या रंगावर ट्राय करू नका, खालचा रंग डोकावतो. मग सकाळी बघा, संध्याकाळी पाचला बघा आणि रात्री तुमच्या नेहमीच्या दिव्यात बघा. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली अबोली मलूल पडते, ३००० च्या पिवळसर दिव्यात मोरपिशी हिरवट होतो.

फिनिश मॅटच घ्या, चकाकीत पुट्टीची प्रत्येक लाट दिसते. फक्त गडद मॅटवर नख घासलं तरी पांढरी रेघ उमटते, त्यामुळे पलंग भिंतीपासून थोडा लांब ठेवा. आणि त्या भिंतीचा सगळा रंग एकदमच दुकानातल्या रंग मिसळायच्या मशीनवर बनवून घ्या, नंतर आणलेला डबा कधीकधी किंचित वेगळा निघतो.