‘पहिला कोडॅक’ म्हणून घेतलेला कॅमेरा परत करता येईल का?

नाशिकच्या एका वाचकांनी गेल्या दिवाळीत मुंबईतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून 1 लाख 40 हजारांना बॉक्स कॅमेरा घेतला. दुकानदाराने व्हॉट्सॲपवर लिहिलं होतं, ‘1888चा पहिला कोडॅक’. फेब्रुवारीत एका जाणकाराने सांगितलं, हा 1889नंतरचा ‘नंबर 1 कोडॅक’ आहे. आता त्यांना कॅमेरा देऊन पैसे परत हवेत. घड्याळं, ग्रामोफोन, नाणी यांबद्दलही अशीच पत्रं येतात.

दोन्ही पेट्या दिसायला जवळपास सारख्या, फोटोही दोन्हींचा अडीच इंची आणि गोल. फरक शटरमध्ये आहे. पहिल्यात फिरत्या नळकांड्याचं शटर होतं, 1889त त्याऐवजी सोपं शटर आलं. जाणकाराला हे लगेच कळतं. पैसे मोजण्याआधी त्याला दाखवलं असतंत तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं.

वर्णनावरून विकलेला माल वर्णनाप्रमाणेच हवा, हे मालविक्री कायदा, 1930चं कलम 15 सांगतं. तिथे तुमची बाजू भक्कम आहे. सगळं अडतं ते कलम 42वर. माल नाकारतो असं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, किंवा मालकासारखा वापरला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. फेब्रुवारीत तुम्हाला सत्य कळलं. दुकानदाराला एक ओळही लिहिली नाहीत, उलट मे महिन्यात पेटीचं चामडं बदलून घेतलंत! हे मला खरोखर समजत नाही. एवढ्यानंतर कॅमेरा परत करण्याचा हक्क उरला असं कोणतंही न्यायालय म्हणेल, असं मला वाटत नाही. कलम 13(2) आणि 59 प्रमाणे राहते ती नुकसानभरपाई, म्हणजे ढोबळमानाने दोन कॅमेऱ्यांच्या किमतीतला फरक. तो किती, हे तज्ज्ञाच्या लेखी मूल्यांकनावर ठरेल.

ग्राहक आयोगाची मुदत 2 वर्षांची आहे. खरेदीच्या तारखेपासून मोजा, म्हणजे धोका नको. तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातही करता येते. पण ‘पुढे विकायचाच होता’ असं पत्रात लिहिलंय. पुनर्विक्रीसाठी घेणारा ग्राहक ठरत नाही, त्यामुळे समोरचा वकील नेमकं तेच वाक्य धरेल. वस्तूची तपासणी लागणाऱ्या तक्रारी 5 महिन्यांत संपवाव्यात असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि माणूस थकून निम्म्या रकमेवर तडजोड करतो, हे मी वर्षानुवर्षं पाहतोय. म्हणून आधी या आठवड्यातच स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, फरकाच्या रकमेची नोटीस पाठवा.

बिलावर फक्त ‘जुना बॉक्स कॅमेरा, 1 नग’ आहे. त्यामुळे तो व्हॉट्सॲप संदेश हाच तुमचा पुरावा. फोन बदलू नका. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र लागेल.

लंडनच्या ग्राहकाला विकून पैसे वसूल करण्याचा विचार सोडा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू 1972च्या पुरावशेष कायद्यात बसू शकते, आणि खासगी व्यक्ती पुरावशेष निर्यात करू शकत नाही. शिक्षा किमान 6 महिने कैद. तुमची पेटी त्यात बसते का, हे पुरातत्त्व खात्याकडून लेखी घेतल्याशिवाय ती देशाबाहेर पाठवू नका.

जुनं चामडं कारागिराकडे अजून असेल तर मूल्यांकनाच्या वेळी दाखवायला आजच मागून घ्या.