नव्या रंगाचे पिलू म्हणजे नवी जात नव्हे

तुमच्या लॅब्रॅडॉरच्या वेतात राखाडी पिलू निघाले आणि त्याची नवी जात म्हणून नोंद व्हावी असे तुम्हांला वाटते, ही हौस मला मनापासून आवडली. मात्र लॅब्रॅडॉरच्या मानकात, म्हणजे जातीच्या अधिकृत वर्णनात, काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे तीनच रंग आहेत. त्यामुळे अशा पिलासाठी कोणी ‘दुर्मीळ रंग’ म्हणून जास्त पैसे मागितले, तर देऊ नका.

नव्या जातीसाठी एफसीआय ही आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना किमान ८ वेगळ्या वंशरेषा मागते, प्रत्येकीत २ नर व ६ माद्या, आणि तात्पुरत्या मान्यतेनंतर पक्क्या मान्यतेला किमान १० वर्षे लागतात.

आज एवढेच करा:

- प्रत्येक पिलाचे आईबाप, जन्मतारीख, वजन आणि रंग वहीत लिहा.
- रंग टिकवण्यासाठी भावंडांचा मेळ घालू नका. नवखे इथेच चुकतात.
- दोन मर्ल (फिकट अंगावर गडद डाग असलेल्या) कुत्र्यांचा मेळ कधीही नको, कारण त्यांची सरासरी चौथा हिस्सा पिले दुहेरी मर्ल, म्हणजे आईबाप दोघांकडून मर्लचे जनुक मिळालेली, निघतात आणि ती बहिरी किंवा आंधळी असू शकतात. मी असे एक पांढरेशुभ्र पिलू सांभाळले आहे. शेजारी ताटली पडली तरी ते झोपलेलेच राही, आणि पाठीवर हात ठेवला की दचकून उठे.

जनुकांचा हिशेब पुढे पाहू.