पॉलिश आणि वॅक्स एकाच बाटलीत : लावायचं की नाही?

मागच्या अंकात गाडीच्या रंगाबद्दल जरासं लिहिलं होतं, त्यावर आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त या टू-इन-वन बाटल्यांचेच होते, कुणी त्याला क्लीनर वॅक्स म्हणतं कुणी ऑल-इन-वन, माल एकच. म्हणून यावेळी तेवढंच घेतलंय.

प्रश्न (पिंपरी) : दादा, माझी काळी सेडान चार वर्षांची झाली. सावलीत मस्त दिसते पण उन्हात उभी केली की बोनटवर गोल गोल रेघा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. शेजारी म्हणतो ऑल-इन-वन आण, पॉलिश पण होतं आणि वॅक्स पण. आणू का? आणि दर महिन्याला लावलं तर गाडी कायम नवीसारखी राहील ना?

आणा, पण दर महिन्याला नको. का नको ते सांगतो.

पॉलिश आणि वॅक्स ही उलटी कामं आहेत. पॉलिश रंगावरून काहीतरी काढतं, वॅक्स रंगावर काहीतरी चढवतं. आजकालच्या गाड्यांना रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो असतो साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. तुम्हाला दिसतायत त्या रेघा या थरावरच्या आहेत. पॉलिशमधली बारीक पावडर हा थर अगदी किंचित घासते, रेघेच्या कडा गुळगुळीत होतात आणि उजेड सरळ परत येतो, त्यालाच आपण चकाकी म्हणतो. आता हे दर महिन्याला करायचं म्हटलं तर घासायला थर राहणार किती? एक वेळचं घासणं नगण्य असतं हे खरं, पण वर्षाला बारा वेळा, आणि तेही जोर लावून... वर्षातून एकदा, फार तर दोनदा, बास. मध्ये चमक हवी असेल तर नुसतं वॅक्स लावा, त्यात घासणारं काही नसतं.

दुसरी गोष्ट बाटलीवर लिहिलेली नसते. या मालात बऱ्याचदा तेलं आणि भराव असतो, तो रेघांमध्ये जाऊन बसतो. लावलं त्या दिवशी तुम्ही खूश, शेजारी खूश, आणि पाच-सहा वॉशनंतर रेघा पुन्हा हजर. खरंच किती गेल्या ते बघायचं असेल तर कोपऱ्यातल्या हातभर जागेवर लावा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून तेवढंच पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. जे उरलं ते खरं. हाताने लावणार असाल तर जाळं थोडं मवाळ होईल, जाणार नाही, त्यासाठी डीए मशीन, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता हलवणारं पॉलिशिंग मशीन लागतं. आणि नख फिरवल्यावर नख अडकतं तो ओरखडा कुठल्याच बाटलीने जाणार नाही, त्याचा नाद सोडा.

पण मला विचाराल तर तुमच्या रेघांचं मूळ दुसरीकडेच आहे. सोसायटीत सकाळी गाड्या पुसणारे दादा येतात का? एक बादली, एक फडकं, दहा गाड्या. पहिल्या गाडीची धूळ दुसऱ्या गाडीवर, दुसरीची तिसरीवर, तुमची आठवी असेल तर तुमच्या बोनटवर सात गाड्यांची माती फिरते, आणि त्याआधी कोरड्या गाडीवर पिसांची झटकणी. त्या माणसाचा दोष नाही, त्याला महिन्याला जे मिळतं त्यात पाणी बदलणं बसत नाही. त्याला दोन मायक्रोफायबर तुमच्या गाडीपुरते देऊन ठेवा आणि सांगा, दादा पाणी टाकल्याशिवाय हात लावू नका, पाणी नसेल त्या दिवशी नुसत्या काचा पुसा. हे नाही केलंत तर बाटली कितीही भारी आणा, महिन्याभरात जाळं परत.

लावायची पद्धत : गाडी शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडी, सावलीत, बोनटला हात लावला तर थंड लागलं पाहिजे. फोमच्या पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, एकावेळी दोन बाय दोन फुटाचीच जागा, पारदर्शक होत आलं की थांबा आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसा. अख्ख्या गाडीला लावून मग चहा प्यायला जाऊ नका, वाळून दगड होतं ते.

प्रश्न (नांदेड) : बोअरच्या पाण्याने गाडी धुतो, टपावर आणि काचेवर पांढरे गोल डाग पडलेत. टू-इन-वनने जातील का?

ताजे असतील तर त्याचीही गरज नाही. हा पाण्यातला चुना आहे, आम्लाने सुटतो. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, कापडाने मिनिटभर डागावर ठेवा, लगेच भरपूर पाण्याने धुवा. उन्हात वाळून डागाने थर कोरला असेल, बोटाला खड्डा लागत असेल, तर मग पॉलिश, आणि तरी पुसटसा राहू शकतो. वॅक्स असलं की पाणी मोत्यासारखं गोळा होतं हे छान दिसतं, पण बोअरचं पाणी असेल तर तोच थेंब जागच्या जागी वाळून डाग ठेवतो. म्हणजे वॅक्स लावलं म्हणून पुसायचं सुटत नाही, उलट धुतल्या धुतल्या कोरडी करायची.

प्रश्न (डोंबिवली) : रेल्वे लाइनला लागून पार्किंग आहे. पांढऱ्या गाडीवर केशरी बारीक ठिपके आलेत, गंज लागला का? वॅक्सने घासलं तरी जात नाहीत.

पत्रा गंजलेला नाही, घाबरू नका. लोखंडाचे कण आहेत, ब्रेकचे, रुळांचे, ते रंगावर चिकटून तिथेच गंजलेत. हात पॉलिथिनच्या पिशवीत घालून धुतलेल्या गाडीवर फिरवा, खरखर कळेल. त्याला क्ले बार, म्हणजे असे चिकटलेले कण ओढून काढणारा मऊ मातीसारखा गोळा लागतो, साबणाचं पाणी मारत मारत हलक्या हाताने फिरवायचा, खाली पडला तर तो तुकडा फेकून द्यायचा, परत वापरायचा नाही. त्यानंतर टू-इन-वन लावा, पांढऱ्या गाडीला तर ते फार शोभतं, मळकटपणा निघतो आणि रेघा तशाही दिसत नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर) : नव्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग करून घेतलंय. वर हे लावलं तर दुप्पट चमक येईल का?

नाही हो, पैसे पाण्यात. त्यातली पावडर तुमचं कोटिंगच घासेल. साधा शाम्पू पुरे. मॅट फिनिशच्या गाडीलाही हे अजिबात नको, चट्टे पडतात आणि जात नाहीत.

प्रश्न (रत्नागिरी) : 25 वर्षं जुनी लाल गाडी आहे, रंग फिका गुलाबी पडलाय. पॉलिश केलं तर फडकं लाल होतंय! रंग निघतोय का? आणि काळ्या प्लास्टिकवर पांढरं बसलंय ते वेगळंच.

निघतोय, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तुमच्या गाडीला बहुतेक क्लिअर कोट नाही, उन्हाने जळलेला वरचा थर फडक्यावर येतोय, खालून खरा लाल वर येईल. असल्या गाडीवर टू-इन-वन जे काम करतं ते बघण्यासारखं असतं, अर्धं बोनट करून थांबा आणि घरच्यांना दाखवा.

फक्त कडांना जपा. माझी पहिली गाडीही अशीच लाल, उत्साहात रबिंग कंपाउंड घेऊन बसलो आणि बोनटच्या कडेला प्रायमरची करडी रेघ दिसली तेव्हा हात थांबला. कडेवर रंग मुळात पातळ असतो. तिथे आधी मास्किंग टेप लावायची, तीच प्लास्टिकवरही, म्हणजे पांढरं बसणारच नाही. आत्ता बसलंय ते शाम्पू आणि जुन्या मऊ टूथब्रशने काढा. तुमच्याकडची लाल माती मात्र आधी नीट धुऊन काढा, सांध्यात राहिलेली माती पॅडला लागली तर पॉलिश करता करता तुम्हीच नव्या रेघा पाडाल.

प्रश्न (सातारा) : दसऱ्याला गाडीची पूजा असते. आदल्या रात्री लावलं तर चालेल का? मागच्या महिन्यात एका दाराचं डेंटिंग-पेंटिंग झालंय.

लावा, दिवे लावून आणि घाई न करता. ते नवं दार तेवढं सोडा, ताज्या रंगाला पूर्ण वाळायला वेळ लागतो, वॅक्सने त्याला झाकू नका, पेंटरला विचारून मगच. हळदीकुंकवाचं बोट वॅक्सवरून पटकन पुसलं जातं, पण आठवडाभर ठेवू नका. आणि झेंडूचा हार बोनटवर मोकळा लोंबू देऊ नका, चालत्या गाडीवर त्याचा दोरा रात्रभराची मेहनत घासत राहतो, आरशाला नाहीतर ग्रिलला घट्ट बांधा.