गायरान कंपनीला चाललंय, आमदारांना निवेदन देऊन काही होतं का?

एका भावाचा मोठा मेल आलाय, नाव-गाव काढून थोडक्यात मांडते. मराठवाड्यातलं गाव आहे, गावाला २२ हेक्टर गायरान, त्यातलं १४ हेक्टर एका खासगी कंपनीला गोदामं आणि शेतमाल प्रक्रियेच्या प्लांटसाठी द्यायचा प्रस्ताव कलेक्टर ऑफिसात गेलाय. चावडीवर जाहीर प्रगटन लागलं, हरकतीला १५ दिवस, त्यातले ६ उलटले. पोरं घरोघर सह्या घेतायत, आमदाराला निवेदन द्यायचं म्हणतात की जमीन विकू देऊ नका. भाऊ विचारतात, निवेदनाने खरंच काही होतं का की सरळ हायकोर्टात जावं. आणि मेलच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: "ताई, आमच्या बाबांनी १९८६ पासून त्याच गायरानात दीड एकर वहिती केलीय, आम्ही अनुसूचित जातीतले, दुसरी जमीन नाही, पट्टा नाही, फक्त दंडाच्या पावत्या आहेत. मी सही केली तर आधी आमचंच अतिक्रमण काढतील का?"

भाऊ, तुमची ही शेवटची ओळ मी पहिली घेते, कारण त्या भीतीपोटी तुम्ही गप्प बसलात तर पुढचं सगळं सांगून उपयोग नाही.

सही केल्याने तुमचं अतिक्रमण नव्याने उघडं पडत नाही. दंडाच्या पावत्या आहेत म्हणजे सरकारदफ्तरी ते आधीच माहीत आहे, गाव नमुना १-ई म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही, त्यात बाबांचं नाव, गट नंबर, क्षेत्र आणि बहुतेक वर्षही असणार. लपवायचं काही उरलेलंच नाही. उलट धोका गप्प बसण्यात आहे, कारण त्या १४ हेक्टरात तुमचा दीड एकर येत असेल आणि प्रस्ताव मंजूर झाला तर जमीन मोकळी करून द्यायची म्हणून तुम्हाला नोटीस येणारच, आणि तेव्हा तुम्ही एकटे असाल, आज गाव सोबत आहे.

आता कायद्यात तुमची जागा कुठे आहे ते समजून घ्या. सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य हा २८ जानेवारी २०११ चा निकाल तुमच्या तोंडावर फेकला जाईल. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावतळ्याच्या जागेवर लोकांनी बांधकाम केलं होतं, त्यावरून कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनींवरची बेकायदा अतिक्रमणं काढा, फार वर्षं झाली, फार खर्च केला किंवा वरपर्यंत ओळख आहे म्हणून ती नियमित करू नका. पण त्याच निकालात अपवाद ठेवलाय, सरकारी नोटिफिकेशनप्रमाणे भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पट्टा दिला असेल, किंवा जागेवर आधीपासून शाळा, दवाखाना असं काही असेल, तर तिथे नियमित करता येतं. तुमची अडचण अशी की बाबांना पट्टा मिळालाच नाही, त्यामुळे हा अपवाद आपोआप लागू होईल असं मी खोटं सांगणार नाही.

पण महाराष्ट्रात २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय आहे, १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात मागासवर्गीय भूमिहीनांनी शेतीसाठी केलेली सरकारी जमिनीवरची अतिक्रमणं नियमित करण्याचा. बाबांचं १९८६ त्यात बसतं. तो जीआर कुणी मेहेरबानी म्हणून काढलेला नाही हो, त्याच्यामागे कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि मग १९६४ ला उभे केलेले भूमिहीनांचे सत्याग्रह आहेत, हजारो माणसं त्यासाठी तुरुंगात गेली. त्यामुळे अतिक्रमण या शब्दाने मान खाली घालू नका. बाबांनी तेव्हा तहसीलला अर्ज केला होता का, त्याची पोच आहे का, ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, जिथे जुने कागद असतील तिथे शोधा. १९९० च्या आधीची एखादी पावती, पीक पाहणीतली नोंद, काहीही चालेल. अर्ज पेंडिंग असेल तर निर्णय मागा, नसेल तर आता स्वतंत्र अर्ज द्या. हा अर्ज गावाच्या हरकतीत मिसळू नका, दोन्ही वेगळे कागद, दोन्हींना वेगळी पोच.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. कंपनीच्या बाजूची माणसं गावात फिरून म्हणतील की गायरान वाचवायचं म्हणणाऱ्यांनीच गायरान खाल्लंय. याचं उत्तर गावाने आधीच तयार ठेवावं, म्हणजे निवेदनातच स्पष्ट लिहावं की भूमिहीन कुटुंबांची जुनी वहिती कायद्याप्रमाणे तपासून निकाली काढा आणि उरलेलं सगळं गायरान जनावरांसाठी राखा. धनगरवाड्यावरच्या मेंढ्या आणि तुमचा दीड एकर यांचं भांडण लागलं की १४ हेक्टर आरामात जातात. असं होताना मी पाहिलंय.

आता मुख्य गोष्ट. गायरान ग्रामपंचायतीच्या मालकीचं असतं असं अर्ध्या गावाला वाटतं, तसं नसतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६, कलम २० प्रमाणे ती जमीन सरकारची, कलम २२ खाली ती गुरचरणासाठी राखलेली, ग्रामपंचायतीकडे फार तर देखरेख. कलम ४० तर सरकारला आपल्या जमिनीची विल्हेवाट लावायचा मोठा अधिकार देतं. म्हणून ग्रामसभेने ठराव केला की विषय संपला असं होत नाही (पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा, त्या गावांची गोष्ट वेगळी, तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात नाही). पण जगपाल सिंगनंतर १२ जुलै २०११ चा जीआर आला आणि पुढे संहितेतच कलम २२-अ घातलं गेलं, आणि तुमची खरी ताकद तिथे आहे. हे कलम म्हणतं की गायरान दुसऱ्या कामाला वळवायचं नाही, द्यायचं नाही, भाड्यानेही नाही. सूट दोनच. एक, केंद्र-राज्य सरकारचा किंवा सरकारी संस्थेचा सार्वजनिक प्रकल्प असेल आणि दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्धच नसेल. दोन, खासगी प्रकल्प असेल आणि तीच जमीन टाळता येण्यासारखी नसेल, तर प्रकल्पवाल्याने बदल्यात दुप्पट जमीन सरकारला द्यायची, बोजा नसलेली, किमतीनेही गायरानापेक्षा कमी नाही, आणि ती मग गायरान म्हणून राखायची.

तुमचा हिशोब करा. १४ हेक्टर गायरानाला २८ हेक्टर जमीन. कुठे आहे ती? कुणाचे गट नंबर? त्यावर बँकेचा बोजा आहे का, पाणी आहे का, जनावर तिथवर चालत जाईल का? तुम्ही पाठवलेल्या प्रगटनाच्या फोटोत बदली जमिनीचा एक शब्द नाही, फक्त "शासकीय जमीन वाजवी मूल्य आकारून" असं आहे. गायरानाची किंमत पैशात भरून खासगी कंपनीला देता येईल असं २२-अ मध्ये कुठेही नाही. तुमची सगळी हरकत या एका मुद्द्यावर उभी करा. पर्यावरण, परंपरा, गोमाता सगळं लिहा हवं तर, पण खाली लिहा, वर हे २८ हेक्टर.

सातबारा उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात गायरान किंवा गुरचरण असं लिहिलंय ना ते आजच बघा, गाव नमुना १-ब मध्येही सरकारी जमिनीची नोंद असते. कधी कधी प्रस्तावाच्या आधी हळूच नुसतं सरकारी पड असं करून घेतात, मग म्हणायला मोकळे की हे गायरानच नाही. तसा फेरफार झाला असेल तर त्याची नक्कल काढा, त्यालाही आव्हान देता येतं.

आता आमदार. होतं, भाऊ, निवेदनाने होतं, पण कधी आणि कसं ते महत्त्वाचं. आत्ता फाईल विचाराधीन आहे, ऑर्डर झालेली नाही, आणि याच काळात लोकप्रतिनिधीच्या पत्राला वजन असतं, कारण ते फायलीत लागतं आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्याला ते ओलांडून जाणं जड जातं. ऑर्डर झाल्यावर आमदार फक्त म्हणतात की कोर्टात जा. आणि आमदार म्हणजे नुसता कामं करून देणारा माणूस नाही, २२-अ हे कलम विधिमंडळानेच घातलंय, उद्या ते सैल करायचं बिल आलं तर हात वर करणारेही हेच आहेत, म्हणून त्यांनी उघडपणे विरोधात उभं राहावं अशी मागणी करायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, ती विनवणी नाही.

२०२२ चं हिवाळी अधिवेशन आठवा. वाशीम जिल्ह्यातल्या घोडबाभूळची ३७ एकर गायरान जमीन एका खासगी माणसाला द्यायचा तत्कालीन महसूल राज्यमंत्र्यांचा आदेश नागपूर खंडपीठापुढे आला, कोर्टाने नोटीस काढली, आणि काही दिवसांतच नागपूरला सभागृहात विरोधकांनी तो विषय धरून कामकाज अडवलं. एका गावचं गायरान अख्ख्या राज्याचा विषय झाला कारण कागद कोर्टातही होता आणि सभागृहातही होता. तुम्हाला दोन्ही रस्ते मोकळे ठेवायचेत.

म्हणून "कृपया लक्ष घालावे" असलं निवेदन देऊ नका. ते हार घालून, फोटो काढून, कपाटात जातं. नेमकं मागा. लिहा की आपण महसूलमंत्र्यांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विरोध कळवावा आणि त्याची प्रत गावाला द्यावी, अधिवेशनात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचं असतं) किंवा लक्षवेधी सूचना लावावी, आणि प्रश्न असा विचारावा की मौजे अमुक येथील गट नंबर तमुक मधील १४ हेक्टर गायरान कलम २२-अ च्या कोणत्या पोटकलमाखाली देण्यात येत आहे, दुसऱ्या सरकारी जमिनीचा शोध घेतला का, दुप्पट बदली जमीन कोणती. इतका तयार प्रश्न हातात दिला की आमदाराच्या पीएचंही काम सोपं होतं, खरंच सांगते, अर्धी निवेदनं याच्यासाठीच पडून राहतात की त्यातून प्रश्न काढायला कुणाला वेळ नसतो. तारांकित प्रश्न बराच आधी द्यावा लागतो हे ध्यानात ठेवा, अधिवेशन सुरू झाल्यावर धावपळ करून लागत नाही.

फक्त तुमच्याच आमदाराकडे जाऊ नका. तुम्ही लिहिलंय की ते कंपनीच्या माणसासोबत दोनदा दिसले, बरं, तरी त्यांना द्याच, पोच घ्याच, म्हणजे नंतर मला माहीत नव्हतं म्हणता येणार नाही. शिवाय विधान परिषदेत ७८ जागा आहेत, तुमच्या भागाचे पदवीधरचे, शिक्षक मतदारसंघाचे, स्थानिक स्वराज्य संस्थेचे, तेही प्रश्न विचारू शकतात. विरोधी पक्षांच्या आमदारांना द्या, खासदाराला द्या. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही असते, एखाद्या सदस्याने तुमचा अर्ज सभागृहात सादर केला तर तो तिकडे जातो.

निवेदनाला जोडायचं काय? सातबारा, प्रगटनाची प्रत, आणि ग्रामसभेचा ठराव. ग्रामसभा लगेच बोलवायला लावा, कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल ते, तेवढी माणसं हजेरीवर सह्या करून बसली पाहिजेत, बायकांना आवर्जून आणा कारण शेळ्या त्याच राखतात. कंपनीने आधीच एखादा ना-हरकत ठराव मिळवलाय का ते ग्रामसेवकाकडे प्रोसिडिंग बुक मागून बघा, असेल तर तो कोणत्या सभेचा, हजेरी किती, हे विचारा, कोऱ्या पानावर सरपंचाची सही घेऊन वर ठराव लिहिल्याच्या तक्रारी मी काही पहिल्यांदा ऐकत नाहीये. आणि जनावरांचा आकडा द्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात गावाची नोंद असते, कानात पिवळा बिल्ला मारलेलं प्रत्येक जनावर रेकॉर्डवर आहे. इतकी गाई-म्हशी, इतक्या शेळ्या-मेंढ्या आणि १४ गेल्यावर उरणार ८ हेक्टर, हे वाक्य कुठल्याही भाषणापेक्षा जास्त काम करतं.

हरकत मात्र कलेक्टर ऑफिसच्या बारनिशीत, म्हणजे आवक-जावक टेबलावर, स्वतः जाऊन द्या, आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय उठू नका, व्हॉट्सॲपवर पाठवली, ऑपरेटरने बघितली, याला काही अर्थ नाही. त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून, प्रस्ताव, तहसीलदारांचा अहवाल, स्थळ पाहणी पंचनामा, मोजणी नकाशा आणि बदली जमिनीचे कागद मागा. उत्तराला ३० दिवस लागतात, तोवर हरकतीची मुदत संपेल, म्हणून हरकतीत लिहून ठेवा की कागद मिळाल्यावर वाढीव म्हणणं मांडू, आणि प्रत्यक्ष सुनावणी मागा.

हायकोर्टात आज जाऊ नका. ऑर्डर नाही, हरकत अजून दिलेली नाही, कोर्ट म्हणेल आधी तिथे म्हणणं मांडा. कलेक्टरची ऑर्डर झाली तर कलम २४७ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील, मुदत ९० दिवस, आणि स्टेचा अर्ज त्याच दिवशी, कारण तारेचं कंपाउंड एका रात्रीत पडतं. ऑर्डर थेट मंत्रालयातून आली तर मात्र औरंगाबाद खंडपीठात रिट किंवा जनहित याचिका. त्या याचिकेत पहिलं नाव तुमचं नको. तुम्ही चुकीचे आहात म्हणून नाही, समोरचा वकील पहिल्याच तारखेला १-ई चा उतारा काढून याचिकाकर्त्याचा स्वतःचाच स्वार्थ आहे म्हणेल आणि गावाचा मुद्दा बाजूला पडेल. २०२२ ला मुंबई हायकोर्टाने स्वतःहून गायरानावरच्या अतिक्रमणांचा विषय घेतला होता, राज्यभर नोटिसा गेल्या होत्या, तेव्हापासून कोर्ट यावर फार कडक आहे. नाव अशा दोघा-तिघांचं द्या ज्यांची जनावरं आहेत आणि अतिक्रमण नाही. तुमच्या घरची गोष्ट मात्र याचिकेत लपवू नका, एका परिच्छेदात खरी लिहा, १९९१ चा जीआर आणि तुमच्या अर्जाची तारीख देऊन.

तुमच्याकडे नऊ दिवस आहेत, त्यात एक शनिवार-रविवार जातो. उद्या सकाळी सजेवर, म्हणजे तलाठी ऑफिसात, जाऊन तलाठ्यांकडून (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात कोण म्हणतंय) १-ई ची नक्कल मागा आणि बाबांच्या पावत्यांचे फोटो मला पाठवा, सगळ्यात जुनी पावती वर ठेवून, तारीख आणि शिक्का वाचता येईल असे. हरकतीचा मसुदा मी परवापर्यंत करून देते, गट नंबर तेवढे तुम्ही भरा.